मान वर करून बघणाऱ्यांसाठी: साडेसहापटीची छोटी दुर्बीण, ४ वर्षं वापरल्यावर

वेरूळच्या १६ नंबरच्या लेण्यात रावण कैलास हलवतोय, पार्वतीने शंकराचा दंड घट्ट धरलाय आणि मागे एक दासी घाबरून पळत सुटलीय. शाळेत चित्रकला शिकवत होते तेव्हा हा शिल्पपट मी फळ्यावर कितीतरी वेळा काढला, पण पुस्तकातल्या छायाचित्रावरून. प्रत्यक्ष लेण्यात दोनदा जाऊन आले होते, तरी खालच्या अंगणातून ती दासी म्हणजे सावलीतला एक उंचवटा, एवढीच कळायची. ४ वर्षांपूर्वी तिसऱ्यांदा गेले तेव्हा गळ्यात ही दुर्बीण होती. डोळ्याला लावली, चाक फिरवलं, आणि दासी एकदम समोर आली. तिच्या अंगाला पडलेला पीळ दिसला. इतकी वर्षं मी तिचा खांदा चुकीचा काढत होते, हेही तिथेच कळलं. नणंद बरोबर होत्या. त्यांनी दोन-तीनदा हाक मारली, "वहिनी, चला ना पुढे," पण माझा पाय निघेना.

तेव्हापासून लेणी, देवळं, चर्च, संग्रहालय काहीही बघायला निघाले की ही दुर्बीण आधी पिशवीत जाते, बाकीचं नंतर. पक्षी बघणाऱ्यांनी दुर्बिणींवर भरपूर लिहिलंय. इमारती आणि चित्रं बघणाऱ्यांसाठी फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा खटाटोप.

दुर्बिणीवर ६.५×२१ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते तो, आणि दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. वजन जेमतेम ३०० ग्रॅम, तळहातावर मावते. पण तिचा खरा गुण त्या आकड्यांत नाही. ती अवघ्या अर्ध्या मीटरवरच्या वस्तूवरही फोकस होते. साधारण दुर्बिणींना वस्तू निदान दोन-तीन मीटर लांब लागते, त्याच्या आत आली की सगळं धूसर. हिच्यात जवळचं बघण्यासाठी चाक फिरवलं की पुढची दोन्ही भिंगं आतल्या आत एकमेकांकडे सरकतात, आपले डोळे नाकाच्या शेंड्याकडे वळतात तशी. त्यामुळे जवळची वस्तूही दोन्ही डोळ्यांना मिळून एकच दिसते.

माझी पहिली दुर्बीण अशी नव्हती. जितकी जास्त पट तितकं जास्त दिसणार, अशा समजुतीने मी चांगली दणकट, १० पटीची, ५० मिलिमीटर भिंगाची घेतली होती. एका मोठ्या मंदिराच्या शिखराकडे ती लावली आणि दोन मिनिटांत हात भरून आले. दुर्बीण जितकी पट मोठं दाखवते तितकीच पट हाताचा कंपही मोठा करते, हे तेव्हा लक्षात घेतलं नव्हतं. शिखर थरथरत होतं, कुठली मूर्ती बघत होते तेच हरवत होतं. शिवाय १० पटीत एका वेळी दिसणारा तुकडा लहान. आकाशातला ग्रह किंवा लांबच्या झाडावरचा गरुड बघायला ते ठीक. शिल्प बघताना मात्र एक मूर्ती तिच्या शेजारणीसकट दिसावी लागते, कारण शिल्पकाराने त्या दोघींचा मेळ बसवून काम केलेलं असतं.

साडेसहा पटीत हे जमतं. २० मीटर उंचीवरचं छत साधारण ३ मीटरवर आल्यासारखं वाटतं, आणि एका नजरेत अडीच मीटरहून थोडी जास्त रुंदी मावते. म्हणजे एक माणूसभर आकृती, तिच्या आजूबाजूच्या जागेसह. कोपर छातीशी टेकवले आणि श्वास हळू सोडला की चित्र स्थिर राहतं. ज्यांना पहिल्यांदा घ्यायची आहे त्यांनी पटीच्या मोहात पडू नये असं मी अगदी कळकळीने सांगेन. ६ ते ८ यांच्या वर जाऊच नका.

आता अजिंठा. तिथे या दुर्बिणीची ताकद आणि तिची उणीव, दोन्ही एकाच दिवशी दिसली.

लेणी अंधारी आहेत, आणि चित्रं जपायची म्हणून दिवेही मंद ठेवलेले. २१ मिलिमीटरच्या भिंगातून येणारा प्रकाश थोडाच. भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी निघते. इथे ती ३.२ मिलिमीटर येते. अंधारात बाहुली याहून मोठी उघडते, म्हणजे डोळा जेवढं घ्यायला तयार असतो तेवढं दुर्बीण देत नाही. १ नंबरच्या लेण्यातलं छत पहिल्या दोन मिनिटांत मला नुसतं तपकिरी दिसलं, आणि मी खट्टू झाले. मग एका कडेला, कुणाच्या वाटेत येणार नाही अशी, १० मिनिटं नुसती उभी राहिले. डोळे सरावले तशी छताच्या चौकटींमधली फुलं, फळं, पक्षी एकेक करून उमटत गेले. ही १० मिनिटं देणार नसाल तर लेण्यांसाठी ही दुर्बीण घेऊ नका. गटाबरोबर घाईने जाणाऱ्यांना तिचा काही उपयोग नाही. मोठ्या भिंगाची दुर्बीण जास्त उजेड देईल हे खरं, पण ती याच लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर निकामी ठरेल.

कारण पद्मपाणी बघायला आपण कठड्याशी उभे राहतो, आणि तिथून भिंत फार लांब नसते. तिथे नेहमीच्या दुर्बिणींचा फोकस बसत नाही. हिचा बसतो. बोधिसत्त्वाची खाली झुकलेली पापणी, मुकुटाची नक्षी, गळ्यातले मोती हे सगळं इतकं जवळ आलं की चित्रकाराचा कुंचला कुठे टेकला आणि कुठून उचलला हे मी बोटाने हवेत गिरवून बघत होते. आणि रंग उडालेत तिथे खालचा गिलावा दिसतो. माती, तिच्यात भाताचा तूस, गवताच्या काड्या. ही चित्रं ओल्या चुन्यावर नाहीत, मातीच्या कोरड्या लेपावर काढलेली आहेत, हे मी मुलांना दरवर्षी सांगायचे. तो तूस स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत ते नुसतं पाठ केलेलं वाक्य होतं.

१० नंबरच्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने खरवडलेलं नाव आणि तारीख आहे: २८ एप्रिल १८१९. शिकारीला आलेला असताना त्याला ही लेणी दिसली. नाव आज डोक्याच्याही वर आहे, कारण त्या वेळी लेण्यात इतका गाळ आणि दगडमाती भरलेली होती की तो त्या ढिगावर उभा होता. नुसत्या डोळ्यांनी तिथे काही ओरखडे आहेत एवढंच कळतं. दुर्बिणीतून ते अक्षर न् अक्षर दिसायला लागले, आणि ते ओरखडे खालच्या चित्रातल्या आकृतीवरूनच गेलेत हेही दिसलं. मला फार वाईट वाटलं. ज्याच्यामुळे हे जगाला पुन्हा कळलं, त्याच्याच हातून पहिली खूण अशी उमटावी! मी नणंदांना दुर्बीण दिली. त्याही बराच वेळ गप्प होत्या.

रोमच्या सिस्टिन चॅपेलमध्ये ही दुर्बीण नेली नसती तर मी निम्मंच बघून आले असते. छत २० मीटर उंच. फोटो काढायला मनाई, त्यामुळे फोनवर मोठं करून बघायची सोयही नाही. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात हे छत रंगवलं, तेही सगळ्यांना वाटतं तसं पाठीवर पडून नव्हे, तर परांचीवर उभं राहून, मान मागे टाकून. खालून बघताना आपली मान अवघडते तेव्हा त्याची किती अवघडली असेल हे आपोआप मनात येतं.

तिथे सगळ्यांच्या नजरा देवाच्या आणि आदमच्या बोटांकडे. ती बोटं नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. दुर्बीण खरी कामाला येते ती प्रलयाच्या चित्राशी. मायकेलअँजेलोने दाराकडच्या बाजूने काम सुरू केलं होतं. सुरुवातीच्या या चित्रात आकृत्यांची खूप गर्दी आणि माणसं लहान. नंतर त्याने आकृत्या कमी केल्या आणि मोठ्या केल्या. त्यामुळे खाली उभं राहून प्रलय म्हणजे माणसांचा एक गोळा दिसतो. दुर्बीण लावली आणि त्या गोळ्यातून माणसं सुटी व्हायला लागली. चढावर जीव मुठीत धरून निघालेली कुटुंबं, पोराला कवटाळून धरलेली आई, आणि एक बाई, जिने मेज उलटं करून डोक्यावर घेतलंय आणि त्यात घरातली भांडीकुंडी भरलीत. पाणी चढतंय, जग बुडतंय, आणि ती संसार घेऊन निघालीय. पूर आलेल्या कुठल्याही गावात ही बाई दिसते. ५०० वर्षांपूर्वीच्या एका चित्रकाराने तिला इतक्या उंचावर, जिथे कुणाला ती धड दिसणारही नाही, तिथे इतक्या मायेने काढलीय. माझे डोळे भरून आले आणि काचेवर धुकं धरलं.

त्याच चित्रात एक मोकळा, रंग नसलेला तुकडा आहे. १७९७ साली जवळच्या किल्ल्यातल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला, त्या हादऱ्याने तिथला गिलावा पडला. शेजारच्या एका तरुणाच्या आकृतीचाही बराच भाग गेला. तसंच १९८० नंतर छत साफ केलं तेव्हा पूर्वीची काजळी किती होती हे कळावं म्हणून काही लहान चौकोन मुद्दाम न पुसता ठेवलेत. ते काळे चौकोन दुर्बिणीतून शोधून बघा. त्यांच्या शेजारचा पोपटी आणि नारिंगी रंग बघितला की इतकी वर्षं छापील चित्रांतून आपण काय बघत होतो असा प्रश्न पडतो.

अंधाराची उणीव जिथे अजिबात जाणवत नाही अशी जागा म्हणजे रंगीत काचेच्या खिडक्या. काच स्वतःच उजळलेली असते. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये मी सलग दोन दिवस गेले. तिथल्या बहुतेक खिडक्या १२व्या आणि १३व्या शतकातल्या. दक्षिणेकडच्या बाजूला बायबलमधल्या 'भला शोमरोनी' या बोधकथेची खिडकी आहे. तिच्या अगदी तळाशी चांभार काम करताना दाखवलेत, कारण ही खिडकी त्यांच्या नावाने आहे. ते चांभार सगळ्यांना दिसतात, ते खालीच आहेत. पण या खिडक्या खालून वर वाचायच्या असतात, आणि कथा वर चढत जाते तशी बघणाऱ्याच्या हातून निसटत जाते. वाटसरू लुटला जातो, शोमरोनी त्याला उचलून नेतो, आणि त्याच्याही वर आदम आणि हव्वा. माणसाचं पतन आणि त्याला मिळालेली मदत या दोन गोष्टी एकाच खिडकीत एकावर एक बांधल्यात. दुर्बिणीशिवाय मला खालचीच, मदतीची, समजली असती.

आणि काचेवरच्या रेषा! चेहऱ्यांचे डोळे, कपड्यांच्या चुण्या या काळपट तपकिरी रंगाने काचेवर काढून भट्टीत पक्क्या केलेल्या असतात. लांबून फक्त निळा आणि लाल दिसतो. दुर्बिणीतून ती रेघ दिसते, कुठे जाड, कुठे पुसट, कुठे हात किंचित घसरलेला. मी २८ वर्षं मुलांच्या रेघा तपासल्या आहेत. घाईची रेघ आणि विचार करून ओढलेली रेघ मला कळते. तिथल्या रेघा विचार करून ओढलेल्या आहेत.

लांबच्या प्रवासातच ही लागते असं नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेर गाडीला तासभर अवकाश असताना मी रस्त्यापलीकडे सावलीत उभी राहिले. १८८८ साली पूर्ण झालेली ही इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची, आणि तिच्यावरच्या कोरीव कामाला जे.जे.च्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचे हात लागलेत. घुमटावर 'प्रगती'ची मूर्ती आहे. तिच्या उजव्या हातातली मशाल सगळ्यांना ठाऊक असते. डावा हात खाली आहे आणि त्यात आऱ्यांचं चाक आहे, ते मला दुर्बिणीतून पहिल्यांदा दिसलं. रेल्वेच्या इमारतीवर चाक! मग खांबांच्या माथ्यावरची दगडी पानं बघत गेले, त्यांत दडलेले पक्षी-प्राणी शोधत गेले. एक शाळकरी मुलगी शेजारी येऊन थांबली, "आजी, काय बघताय?" तिला दिली. तिने मोर शोधला, तो माझ्या नजरेतून सुटला होता.

उणिवा सांगायच्या तर, पाण्यापासून हिला संरक्षण नाही. पावसात नेली तर पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवावी लागते. थंडगार संग्रहालयातून एकदम बाहेरच्या उकाड्यात आलं की काच धुरकटते. मी दारातच ती जरा वेळ पिशवीबाहेर काढून ठेवते आणि मगच डोळ्याला लावते. लांबच्या शिखरावरून जवळच्या कोनाड्यावर यायचं तर चाक बरंच फिरवावं लागतं, सुरुवातीला याचा कंटाळा येतो. सोबत आलेला पट्टा बारीक आहे आणि मानेला काचतो, मी रुंद कापडी पट्टा शिवून घेतला. चष्मा लावून बघता येतं, त्यासाठी डोळ्याकडची रबरी कडी आत फिरवून ठेवायची. मी तशीच वापरते, पण कडा किंचित कापल्या जातात. तळाशी तिवई बसवायचं भोक आहे. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये तिवईला आधी परवानगी लागते, त्यामुळे मी ते कधी वापरलंच नाही. नुसत्या दुर्बिणीला मला आजवर कुठे कुणी अडवलेलं नाही.

वापराबद्दल दोन गोष्टी मनापासून सांगते. स्थिरतेसाठी खांबाला टेकायचा मोह होतो. जुन्या खांबाला, रंगवलेल्या भिंतीला टेकू नका. बसायला जागा असेल तर बसा, कोपर गुडघ्यावर ठेवा. आणि जिथे पूजा किंवा प्रार्थना चालू असते तिथे दुर्बीण छताकडेच राहू द्या, माणसांकडे कधीही नको. शार्त्रला प्रार्थना सुरू झाली तेव्हा मी ती पिशवीत ठेवली आणि संपेपर्यंत बसून राहिले. शिखरं बघताना सूर्य कुठे आहे ते आधी बघा. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही बघितलं तर डोळा कायमचा जाऊ शकतो. मुलांच्या हाती देताना हे दर वेळी सांगा.

घेताना एक चाचणी करा. विक्रेता दुकानाबाहेरच्या लांबच्या पाटीकडे बघायला सांगेल. तशी बघा, पण मग वर्तमानपत्र मागून घ्या, हात लांब करून धरा आणि त्यातली अक्षरं दुर्बिणीतून वाचा. दोन्ही डोळ्यांना मिळून एकच, स्वच्छ अक्षर दिसलं पाहिजे. दोन-दोन दिसली, किंवा बघता बघता कपाळ दुखायला लागलं, तर ती ठेवून द्या आणि दुसरी मागा.